बिग टेनचं ईस्ट-वेस्ट: दहा फायनल, दहाही एकाच बाजूला. आता तरी मान्य करा!

कोलंबसकर

डिव्हिजन जाऊन दोन सीझन झाले तरी आमच्या ग्रुपातले आयोवावाले अजून उसासे टाकतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बिग टेन ही अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधली जुनी कॉन्फरन्स, मूळची मिडवेस्टातली (नावात टेन आणि टीमा आता १८, हिशेब विचारू नका). २०१४ ला मेरीलँड आणि रटगर्स आल्यावर १४ टीमा झाल्या आणि नकाशा बघून सात-सातचे दोन भाग केले. ईस्टमधे ओहायो स्टेट, मिशिगन, पेन स्टेट, मिशिगन स्टेट, इंडियाना, मेरीलँड, रटगर्स. वेस्टमधे विस्कॉन्सिन, आयोवा, नेब्रास्का, मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, इलिनॉय, पर्ड्यू. दोन्हीकडचे पहिले डिसेंबरमधे इंडियानापोलिसला फायनल खेळणार.

डिव्हिजन म्हणजे तुकडी हो. शाळेत अ तुकडीत सगळी हुशार पोरं कोंबायची, ब मधे उरलेली, आणि मग दोन्ही तुकड्यांतल्या पहिल्याला सारखाच मान द्यायचा, तसला प्रकार. २०१४ ते २०२३, दहा फायनल, दहाही ईस्टने जिंकल्या. पहिलीच ५९-०, आम्ही, म्हणजे ओहायो स्टेटने, विस्कॉन्सिनचं पानिपत केलं आणि तेही तिसऱ्या पसंतीच्या क्वार्टरबॅकला (पास टाकणारा मुख्य प्लेयर) घेऊन. शेवटची २६-०, मिशिगन विरुद्ध आयोवा. मधे २०१८ ला नॉर्थवेस्टर्न फायनलला आलं, जे त्याच सीझनमधे ॲक्रन नावाच्या छोट्या कॉन्फरन्समधल्या टीमकडून घरच्या मैदानावर हरलं होतं. ॲक्रन! वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात ती हीच.

डिव्हिजन गेल्या ते बरं झालं.

मक्याच्या शेतातला

आला का ५९-० वाला. तू दहापैकी सोयीच्या तेवढ्याच मोजल्यास.

२०१५ सांग की. आयोवा १२-० ने (बारा जिंकून, एकही न हरता) फायनलला गेली होती, चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला ८५ यार्डांचा टचडाउन, १३-९ ने आम्ही पुढे. मग मिशिगन स्टेटने २२ प्लेजची ड्राइव्ह केली, नऊ मिनिटं चार सेकंद बॉल सोडलाच नाही, आणि २७ सेकंद उरले असताना त्यांच्या पोराने चार जणांच्या ओढाताणीत हात लांब करून बॉल रेषेपार नेला. १६-१३. याला तू अ तुकडी ब तुकडी म्हणतोस? २०१६ ला विस्कॉन्सिन पेन स्टेटविरुद्ध २८-७ ने पुढे होतं, हरलं ३८-३१. २०१७ ला तुम्ही जिंकलात ते सहा पॉइंटांनी. २०१९ ला हाफटाइमला विस्कॉन्सिन २१-७ ने पुढे. दहा-शून्य हे दिसायला भयंकर दिसतं पण त्यातल्या तीन-चार मॅच इकडच्या तिकडे होऊ शकत होत्या.

आणि २०१७ ला आयोवा सिटीत तुमचे किती झाले होते, ५५-२४ ना? २०१८ ला पर्ड्यूने तुम्हाला ४९-२० ने चोपलं तेव्हा पर्ड्यू कुठल्या तुकडीत होतं रे?

हॅपी व्हॅलीचा जावई

दोघं भांडा, पण खरा अन्याय आमच्यावर झालाय, बायको पेन स्टेटची असल्यामुळे घरात हा विषय दर नोव्हेंबरला निघतो. सप्टेंबर २०२३, आमच्याकडे रात्रीची मॅच, सगळं स्टेडियम पांढऱ्या कपड्यात, एक लाखाच्या वर माणूस, आणि आयोवाला ३१-० हरवलं. एकतीस शून्य. सीझन संपला तेव्हा दोघांचाही रेकॉर्ड १०-२. आमच्या दोन हारी कोणाकडून, तर ओहायो स्टेट आणि मिशिगन. आयोवाची दुसरी हार मिनेसोटाकडून १२-१०. फायनलला कोण गेलं? आयोवा. का, तर ते नकाशात डावीकडे आहेत म्हणून.

मक्यावाले दादा, राग मानू नका, पण त्या वर्षी तुमचा सगळ्यात भारी प्लेयर पंटर होता. म्हणजे चौथ्या डाउनला (शेवटच्या प्रयत्नाला) आता काही जमत नाही म्हणून बॉल लाथेने समोरच्याच्या घरात पाठवणारा माणूस. त्याने ४,४७९ यार्ड पंट मारून १९३८ सालापासूनचा रेकॉर्ड मोडला. पंटरला इतकं काम मिळतं यातच ऑफेन्सची गोष्ट कळली.

मक्याच्या शेतातला

पंटरला काही बोलायचं नाही. तो ऑस्ट्रेलियाहून आलेला देवमाणूस आहे.

नवखी_पुणेकर

एक बावळट प्रश्न. जर सगळ्यांना दिसत होतं की मोठ्या टीमा एकाच बाजूला आहेत तर वाटण्या अशा केल्याच का? चिठ्ठ्या टाकायच्या ना, वर्ल्डकपच्या ग्रुपसारख्या.

लिंकनचे काका

बावळट नाही ताई, इथेच घोडं पेंड खातं. समतोल साधायचा प्रयत्न आधी करून झाला होता. २०११ ला नेब्रास्का आली तेव्हा बारा टीमा होत्या आणि त्यांनी मुद्दाम जुने रेकॉर्ड बघून दोन बाजू सारख्या वजनाच्या केल्या, भूगोल बाजूला ठेवून. नावं काय ठेवली तर लेजंड्स आणि लीडर्स. कोण कशात हे आम्हाला तीन वर्षांत पाठ झालं नाही. मिशिगन एकीकडे, ओहायो स्टेट दुसरीकडे, त्यामुळे दोघांची नोव्हेंबरची मॅच झाली की पुढच्या आठवड्यात परत तेच दोघं फायनलला भेटायची भीती. २०१२ ला तर लीडर्समधे ओहायो स्टेट १२-० असून फायनल खेळायच्या बंदीत, पेन स्टेट बंदीत, मग तिसरी आलेली विस्कॉन्सिन ७-५ च्या रेकॉर्डवर फायनलला आली आणि आम्हाला, म्हणजे नेब्रास्काला, ७०-३१ ने तुडवून गेली. मी ती मॅच हाफटाइमला बंद करून भांडी घासली.

म्हणजे वजन करून वाटलं तरी गंमत झालीच. मग लोक म्हणाले सोपं ठेवा, शेजारी शेजाऱ्यांशी खेळू देत.

आणि ज्यांनी २०१४ चा नकाशा काढला त्यांनी वेस्टच्या पारड्यात एक जड वजन टाकलं होतं हे सगळे विसरतात. ते वजन म्हणजे आम्ही, नेब्रास्का. पाच नॅशनल टायटलं, १९६२ पासून स्टेडियमचं एक तिकीट शिल्लक नाही. हिशेब असा होता की नेब्रास्का आणि विस्कॉन्सिन मिळून तिकडच्या दोघा-तिघांना तोलतील. पण आम्ही काय केलं, तर २०१४ ला नऊ मॅच जिंकून देणाऱ्या कोचला काढलं, कारण नऊ आम्हाला कमी वाटत होत्या. दैव देतं आणि कर्म नेतं. २०२१ ला तर रेकॉर्ड ३-९. दहा वर्षांत वेस्ट एकदाही जिंकलो नाही. तेव्हा कोलंबसकर, वेस्ट कमजोर का झाली याचं निम्मं उत्तर लिंकनमधे आहे.

कोलंबसकर

काका, मानलं. पण उरलेलं निम्मं उत्तर पैशात नाही का? मिशिगनचं स्टेडियम १,०७,६०१ चं, पेन स्टेटचंही लाखाच्या वर, आमचंही. तिन्ही ईस्टमधे. आयोवाचं सत्तर हजारांच्या आत, नॉर्थवेस्टर्नचं तेव्हा सत्तेचाळीस हजारांचं होतं. टीव्हीचा पैसा जुन्या मेंबरांत सारखा वाटतात, पण तिकिटाचा बराचसा ज्याचा त्याचा. त्यात चांगली पोरं ओहायो, पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सीत. नेब्रास्कात अख्ख्या राज्यात पोरं किती?

आणि मक्यावाल्या, ४९-२० आणि ५५-२४ मान्य, दोन्ही रात्री मी जेवलो नव्हतो. पण एखाद्या ऑक्टोबरमधे कोणी कोणाला हरवतं. तेव्हा प्लेऑफला, म्हणजे देशाचा चॅम्पियन ठरवायच्या मॅचना, चारच टीमा जायच्या. त्या दहा वर्षांत वेस्टची एकही गेली नाही. ईस्टमधून डिव्हिजन न जिंकताही आम्ही दोनदा गेलो, २०१६ आणि २०२२.

हॅपी व्हॅलीचा जावई

२०१६ चं नाव काढू नका. त्या वर्षी आम्ही ओहायो स्टेटला हरवलं, ईस्ट जिंकली, फायनल जिंकली, आणि प्लेऑफला गेली ओहायो स्टेट. बायको वाचतेय हे.

पाटीवरचा हिशेब

तुम्ही सगळे बिग टेनला जगावेगळं समजताय. बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या कॉन्फरन्समधे २००४ ते २०१० सलग सात फायनल साउथने जिंकल्या, त्यात २००५ ला टेक्सस-कोलोरॅडो ७०-३. पण त्याआधी नव्वदच्या दशकात तिथे नॉर्थचा दरारा होता, काकांची नेब्रास्का त्याच नॉर्थमधे. एसइसी या दक्षिणेकडच्या कॉन्फरन्समधे २००९ ते २०१६ सलग आठ वर्षं वेस्ट, मग २०१७ ला जॉर्जियाने ईस्टला उठवलं. चाक फिरतं, फक्त बिग टेनमधे ते फिरायच्या आत लोकांनी गाडीच विकली. कॉलेज खेळांची देशपातळीची संस्था एनसीएए, तिने २०२२ ला डिव्हिजनची सक्ती काढली, २०२४ ला वेस्ट कोस्टच्या चार टीमा घेऊन हे १८ झाले, डिव्हिजन रद्द, आता टॉपच्या दोन फायनलला.

मला विचाराल तर विषमता कुठे गेली नाही, तिने फक्त घर बदललं. १८ टीमा आणि कॉन्फरन्समधल्या मॅच नऊ, म्हणजे निम्म्या लोकांशी तुम्ही भेटतच नाही. आधी निदान दिसत तरी होतं की वेस्टला सोपं आहे. आता एकाच्या वाट्याला ओरेगन, ओहायो स्टेट, मिशिगन आणि दुसऱ्याला तिघांपैकी एक, आणि दोघं एकाच टेबलात. २०२४ ला इंडियाना ११-१ झाली तेव्हा सगळे हेच बोंबलत होते, खेळली कोणाशी.

कोलंबसकर

आणि २०२५ ला त्याच इंडियानाने फायनलला आम्हाला १३-१० ने हरवलं. दोघं १२-०, पहिला आणि दुसरा नंबर. जुन्या पद्धतीत ही फायनल शक्यच नव्हती, कारण दोघं ईस्टमधले! एकाला घरी बसवून दुसऱ्याला वेस्टच्या कोणाशी तरी खेळवलं असतं. हा माझा सगळ्यात मोठा मुद्दा आहे आणि तो माझ्याच हरण्यातून सिद्ध होतोय, काय करणार.

पाटीवरचा हिशेब

उलटा वाच. दहा वर्षं ईस्टमधे राहून इंडियानाने एकदाही डिव्हिजन जिंकली नव्हती, मेरीलँड-रटगर्सनेही नाही. म्हणजे तुझ्या हुशार तुकडीत सातातली तीन पोरं मार खायला होती. तीच इंडियाना नवा कोच आल्यावर दोन वर्षांत चॅम्पियन. मग ताकद नकाशात होती का कोचात?

मक्याच्या शेतातला

दोन्ही बाजूंचे हिशेब वाचले, आता माझं ऐका. डिसेंबर २०२१, आम्ही चौघं आयोवा सिटीहून गाडीने इंडियानापोलिसला, सहाएक तास. डबा दशमी-चटणीचा, एकाने घड्याळ एक तास पुढे करायचं विसरल्यामुळे किकऑफ चुकता चुकता राहिला. मिशिगनने ६७ यार्डांचा रन मारला, मग बॉल घेऊन पळणाऱ्या हाफबॅकनेच पास टाकून ७५ यार्ड. हाफटाइमला १४-३ होतं तर आमच्या मागचे आजोबा म्हणाले, बरोबर आपल्या टप्प्यात आहे मॅच. संपली ४२-३. आजोबा शेवटपर्यंत उठले नाहीत. येताना गाडीत कोणी बोललं नाही, दशम्या मात्र संपल्या.

तर कोलंबसकर, हरणारच होतो हे आम्हालाही माहीत होतं. पण ऑगस्टमधे मिनेसोटा, इलिनॉय, पर्ड्यू, आम्ही, सगळे म्हणू शकायचो की यंदा इंडियानापोलिस. आता १८ मधून पहिल्या दोघांत यायचं. आमच्या ग्रुपात यंदा कोणी डिसेंबरची सुट्टी टाकली नाही.

नवखी_पुणेकर

मला अजून पंट नीट कळला नाहीये पण आजोबांसाठी मी आयोवा.

कोलंबसकर

घ्या. ५९-० वरून सुरू केलेल्या धाग्यात आयोवाला नवीन फॅन मिळाली. मक्यावाल्या, पुढच्या वेळी आमच्याकडे मॅच असेल तेव्हा ये, दशम्या तू आण, तिकीट माझं. ५५-२४ चा विषय गाडीतच ठेवायचा.