“माशांसाठी शेतकऱ्यांचं पाणी तोडलं” म्हणणाऱ्यांना उत्तर: शास्ता आणि स्कॉट नद्या

नदीवेडी:
परवा इथे एक पोस्ट फिरली आणि तिला टाळ्याही भरपूर पडल्या. म्हणणं असं, की उत्तर कॅलिफोर्नियातल्या सिस्कियू काउंटीत सरकारने ‘चार बोटभर माशांसाठी’ गुरंवाल्यांचं शंभर वर्षांचं हक्काचं पाणी हिसकावलं, वर क्लॅमथ नदीवरची धरणंही फोडली, आता तिथला शेतकरी संपणार. राहवलं नाही म्हणून लिहिते.

आधी धरणांचं. क्लॅमथवरची जी चार धरणं २०२४ पर्यंत पाडली, आयर्न गेट, दोन्ही कॉप्को आणि जे. सी. बॉइल, ती विजेची होती. त्यांच्यातून शेतीला पाट निघत नव्हता. शेतीला पाणी पुरवणारं वरचं लिंक रिव्हर धरण आजही उभं आहे. पाडकाम आटोपून महिना व्हायच्या आत चिनूक सॅमन (अंडी घालायला समुद्रातून नदीत परतणारे मासे) बॉइलच्या जागेच्याही वर, थेट ओरेगनात पोचले. शंभराहून जास्त वर्षांनी.

आता कोहो, सॅमनचीच दुसरी जात. क्लॅमथला मिळणाऱ्या शास्ता आणि स्कॉट नद्यांवरचं भांडण आहे ते याच्यावरून. चिनूकची पिल्लं बहुतेक वसंतातच समुद्राची वाट धरतात. कोहोचं पिल्लू नदीत अख्खा एक उन्हाळा काढतं, आणि लसूणघासाच्या कापण्या त्याच उन्हाळ्यात असतात. बर्फाचं पाणी ओसरलेलं, पाटांची गेटं उघडी. पात्रात पाणी उथळ झालं की तापतं. आधी पिल्लांचं खाणं सुटतं, मग रोग पडतो, पंचवीस अंशांच्या आसपास जीवच जातो. एटना गावाजवळ स्कॉट नदी तुटलेली मी पाहिली आहे. मधेच नुसते गोटे, मग एक डबकं, त्यात बोटाएवढी पिल्लं वर तोंड करून, आणि काठावर बगळा. पन्नास पावलांवर हिरवागार घास, त्यावर फिरते फवारे.

ऑगस्ट २०२२ आठवा. शास्ता नदीत किमान ५० क्युसेक ठेवा असा राज्याच्या पाणी मंडळाचा आदेश होता. तिथल्या पाणीवापर संस्थेने पत्र लिहून कळवलं की आम्ही मोडणार, आणि आठ दिवस पंप चालवले. प्रवाह निम्म्याहून खाली आला. दंड किती? दिवसाला ५०० डॉलर, एकूण ४,०००. सभासदांत वाटला तर माणशी पन्नासेक डॉलर पडले. यात हिसकावलं कोणी, आणि कोणाचं?

गुरांचा_डॉक्टर:
ताई, मी याच पट्ट्यात गुरांची डॉक्टरकी करतो. आठ दिवस पंप चालवले एवढं लिहिलंत, का चालवले ते लिहा की. तळी आटली होती, गाई चिखलात रुतत होत्या. एक गाय मी स्वतः ट्रॅक्टरने ओढून काढली, तिचे मागचे पाय कायमचे गेले. आदेशात गुरांच्या पिण्याला सूट होती म्हणे. कागदावर. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याने त्या वर्षी निम्मा कळप विकला. दुष्काळात सगळेच विकायला काढतात तेव्हा भाव काय मिळतो हे कोणाही शेतकऱ्याला विचारा. कळप मोडायला एक दिवस लागतो, पुन्हा उभा करायला अर्धं आयुष्य.

आणि हक्क म्हणजे काय कोणाची मेहेरबानी आहे? शास्ताचा निवाडा १९३२ चा, स्कॉटचा १९८० चा. कोर्टाने एकेका शेताला किती पाणी आणि कोणत्या नंबराने ते ठरवून दिलं. त्या भरवशावर बँकेने कर्ज दिलं. आज एक मंडळ उठतं, आणीबाणीचा नियम काढतं आणि गेट बंद. मासे पाण्यामुळेच कमी झाले का? समुद्र तापला, सोन्यासाठी पात्र खणणाऱ्या ड्रेजर यंत्राने कॅलाहनजवळ नदी मैलोन्‌मैल उलथून दगडांचे डोंगर घातले, ते अजून तसेच आहेत. बेकायदा गांजाच्या वाड्यांना टँकरने पाणी जायचं, तेव्हा हे मासेप्रेमी कुठे होते?

नदीवेडी:
डॉक्टर, गाईचं वाईट वाटलं, मनापासून. पण नंबराची गोष्ट तुम्हीच काढलीत. जो आधी आला त्याचं पाणी आधी, हाच तिथला कायदा ना? मग क्लॅमथवर कारुक आणि युरोक हे मूळनिवासी लोक किती आधीपासून आहेत? २००२ च्या सप्टेंबरात खालच्या क्लॅमथमध्ये निदान ३४,००० मोठे सॅमन सडून काठाला लागले. ज्यांचे सण, लग्न, पोटाची भाकरी सगळं त्या माशावर, त्यांच्या कर्जाचं आणि भरवशाचं काय?

गुरांचा_डॉक्टर:
२००२ आमच्या माथी मारू नका. ते वरच्या क्लॅमथ सिंचन प्रकल्पाचं पाणी होतं, शास्ता-स्कॉटचा त्याच्याशी संबंध नाही. आणि त्याच्या आदल्या वर्षी, २००१ ला, त्याच प्रकल्पातल्या हजाराहून जास्त शेतांचं पाणी ऐन पेरणीच्या हंगामात बंद केलं होतं. क्लॅमथ फॉल्समध्ये हजारो माणसं बादल्यांची साखळी करून रस्त्यावर उभी राहिली. ते नाही आठवलं? शिवाय वरच्या भागातल्या क्लॅमथ जमातींचा हक्क १८६४ च्या तहाने आहे, कोर्टांनी तो मानला, ठीक. कारुकांचा शास्तावर कोणता कागद आहे?

नदीवेडी:
कागद होता. १८५१ मध्ये सरकारी माणसांनी कॅलिफोर्नियातल्या जमातींशी करार केले, सह्या-अंगठे घेतले. सिनेटने पुढच्या वर्षी ते फेटाळले आणि १९०५ पर्यंत दडवून ठेवले. जमिनी तेवढ्या गेल्या. ज्याचा कागद आपणच दाबून ठेवला त्याला “कागद दाखव” म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

टेल_एन्ड_पैठण:
तुमचं अमेरिकेचं चालू द्या, पण वाचता वाचता आमचंच दुखणं आठवलं. वरच्याने पाणी अडवायचं आणि खालच्याने आभाळाकडे बघायचं. जायकवाडीचं दुसरं काय आहे? २००५ चा कायदा झाला, १५ ऑक्टोबरला नाथसागर ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं असं ठरलं, तरी दर दुष्काळात कोर्ट, मोर्चे, आणि सोडलेलं पाणी वाटेतच मोटारी लावून उपसतात. आम्ही तर मासेही नाही, माणसं आहोत.

निफाडकर:
आलं का इथेही जायकवाडी! दादा, वरची धरणं आमच्या बापजाद्यांच्या जमिनी घेऊन झाली. द्राक्षबागेला एप्रिलात पाणी तुटलं तर त्या वर्षाचंच पीक जात नाही, खरड छाटणीनंतर पुढच्या वर्षाची काडीच तयार होत नाही. माझ्या भावाने २०१६ ला विकत टँकर घालून बाग जगवली, त्याचं कर्ज अजून फेडतोय. तुम्हाला सोडलेलं पाणी जातं कुठे? उसाला! पिण्याचं नाव आणि उसाचं गाव.

टेल_एन्ड_पैठण:
ऊस काय फक्त मराठवाड्यात आहे? नगरचे कारखाने काय विहिरीतल्या हवेवर चालतात? माझ्या घरी अडीच एकर मोसंबी वाळली, झाडं सरपणाला तोडली. पंधरा वर्षांची झाडं होती. तुम्ही काडीचं सांगता, मी खोडाचं सांगतो.

निफाडकर:
मोसंबी गेली त्याचं मलाही वाईट वाटतं. पण त्यासाठी माझी बाग जाळायची हा न्याय मला पटणार नाही. धरणातून सोडलेल्यातलं किती नाथसागरात पोचतं ते आधी बघा. तापलेल्या वाळूत मुरवायला पाणी सोडतात.

टेल_एन्ड_पैठण:
मग पावसाळ्यातच सोडा ना! सप्टेंबरात नदी वाहती असताना सोडलं तर वाळूत मुरत नाही. तेव्हा तुमचे पुढारी धरण काठोकाठ भरेपर्यंत गेट उघडू देत नाहीत, आणि नोव्हेंबरात म्हणतात नासाडी होते.

निफाडकर:
पुढाऱ्यांचं मला सांगू नका, त्यांनी आम्हालाही काही दिलेलं नाही. सप्टेंबरात सोडायचं ते मान्य आहे. पण लेखी आणि आधी. ऐन वेळी नाही.

निवृत्त_पाटकरी:
चाळीस वर्षं पाटावर काढली, म्हणून बोलतो. दोन्हीकडे एकच रोग आहे, मोजणी नाही. वरचा म्हणतो सोडलं, खालचा म्हणतो आलं नाही, आणि मधल्या गेटावर पट्टीच नाही. नदीवेडी ताई, तुमच्या त्या स्कॉटवर विहिरी मोजतात का? पाट बंद करून शेजारी विहीर उपसली तर नदीच उपसली की.

नदीवेडी:
काका, नेमकं तिथेच दुखतंय. पाटाचा हक्क कोर्टाने मोजून दिला, पण त्यानंतर पाटावरून विहिरींकडे वळलेली शेतं खूप आहेत. २०१८ ला कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने याच स्कॉट नदीच्या खटल्यात सांगितलं, की ज्या उपशाने नदी आटते त्या भूजलालाही लोकांच्या नदीवरचा हक्क लागू आहे. आणि डॉक्टर, पाणी राखणं म्हणजे दरवेळी गेट बंद करणंच असतं असं नाही. शास्ताला बिग स्प्रिंग्जचे झरे मिळतात, त्यांचं पाणी उगमाला अकरा-बारा अंशांचं. तिथली रँच (गुरांचा मळा) २००९ मध्ये नेचर कॉन्झर्व्हन्सी या निसर्गसंस्थेने घेतली, गुरं ओढ्यात उतरू नयेत म्हणून कुंपण घातलं, पाणवनस्पती वाढल्या, सावली आली, पाणी थंड राहायला लागलं. स्कॉटच्या उपनद्यांवर खुंट ठोकून त्यात वाळुंजाच्या फांद्या विणतात, बीव्हर या फांद्यांचे बांध घालणाऱ्या प्राण्याच्या बांधासारख्या, आपल्या वनराई बंधाऱ्याच्या जवळचंच काम. मी तिथे फांद्या वाहिल्या आहेत. मागे डोह साठतो, आजूबाजूच्या जमिनीत मुरतो, उन्हाळ्यात हळूहळू परत येतो. त्यात कोहोची पिल्लं मावतात आणि शेजारच्याच्या विहिरीलाही पाणी राहतं. फरच्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात बीव्हर मारून संपवले नसते तर हे हाताने करावं लागलं नसतं.

गुरांचा_डॉक्टर:
ते बांध मी पाहिलेत. चांगले आहेत, नाही म्हणत नाही. पण ते ज्यांच्या शेतात आहेत तेही रँचरच आहेत, हे तुम्ही एकदाही लिहिलं नाहीत. त्यांना बांध घालायच्या परवानग्या मिळवायला किती खेटे पडले तेही नाही. आणि आता नवा कायदा. २०२५ पासून आदेश मोडला तर दिवसाला १०,००० डॉलरपर्यंत दंड. मोठ्या कंपनीला तो काहीच नाही, माझ्या म्हाताऱ्याची मात्र रँच विकावी लागेल.

नदीवेडी:
ते रँचर आहेत, खरंय, आणि त्यांच्याशिवाय एकही खुंट ठोकला गेला नसता. दंडाचं मात्र मागे घेणार नाही. पन्नास डॉलरात नदी कोरडी करता येत होती म्हणून तर हा कायदा आला.

गुरांचा_डॉक्टर:
मग दंडाआधी पैसे ठेवा. ऑगस्टची कापणी सोडायची तर त्या घासाचा बाजारभाव, करार वसंतात, पेरणी-खताचा खर्च व्हायच्या आधी. गुरांच्या पिण्याला नळ आणि हौद आधी, गेट नंतर. असं असेल तर माझ्या गिऱ्हाइकांतले काहीजण सही करतील. सगळे नाही करणार. आणि विहिरीला मीटर म्हटलं की त्यातलेही उठून जातील, हे आत्ताच सांगतो.

निवृत्त_पाटकरी:
डॉक्टर, मीटर नसेल तर कापणी सोडल्याचे पैसे कशावरून द्यायचे? पाट बंद आणि विहीर चालू, असं मी इथे डोळ्यांनी पाहिलंय.

नदीवेडी:
मीटरशिवाय मीही पैशाच्या बाजूने बोलणार नाही. हौद आधी, गेट नंतर, हे मान्य. करार वसंतात, हेही मान्य.

निफाडकर:
@टेल_एन्ड, सप्टेंबरातल्या सोडण्याचं बोललात, ते किती टीएमसी धरून? आकडा टाका, मग बोलू.