मदत हवी आहे: शंभरेक फाइली एकदम ओढून टाकल्या की बॅच स्क्रिप्ट चालत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयात जुन्या दिवाळी अंकांचं स्कॅनिंग चालू आहे. प्रत्येक पानाची वेगळी जेपेग फाइल. तपासून झालेली पानं निवडायची आणि डेस्कटॉपवरच्या बॅच फाइलवर (विंडोजच्या आज्ञा ओळीने लिहिलेली छोटी स्क्रिप्ट) ओढून सोडायची, की ती ‘तपासलेली’ फोल्डरमध्ये जातात, अशी सोय मी केली आहे.

साधं कट-पेस्ट का नाही, असं कुणीतरी विचारेलच. स्कॅनर दर अंकाला ०००१ पासून नंबर देतो, त्यामुळे नावं सारखीच येतात. स्क्रिप्ट आधी बघते की त्या नावाची फाइल तिथे आहे का. असेल तर नावाला अंकाचं साल जोडते, आणि कुठलं पान कधी हलवलं ते एका टेक्स्ट फाइलीत लिहून ठेवते. ही तपासणी हवीच, कारण बॅच फाइलीच्या आत मूव्ह कमांड काही न विचारता आधीची फाइल पुसून टाकते. कागद इतके ठिसूळ झालेत की घडीवर पान तुटतं. ते दुसऱ्यांदा काचेवर ठेवता येईल याची खात्री नाही.

आता अडचण. थोड्या फाइली असल्या की सगळं सुरळीत. शंभरच्या आसपास गेलं की एरर येते आणि एकही फाइल हलत नाही. कारण कळलंय: ओढलेल्या सगळ्या फाइलींचे पूर्ण पाथ (ड्राइव्ह-फोल्डरसकट पूर्ण पत्ते) एकापुढे एक कमांड लाइनवर, म्हणजे आज्ञेच्या एकाच ओळीत येतात, आणि बॅच फाइल चालवणाऱ्या सीएमडी या विंडोजच्या प्रोग्रॅमची मर्यादा ८१९१ अक्षरांची. आमचा एकेक पाथच ८०-९० अक्षरांचा. सब्स्ट कमांडने फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर दिलं की पाथ आखूड होतो, पण ती मलमपट्टी झाली. राइट-क्लिकच्या ‘सेंड टू’मधूनही पाथ कमांड लाइनवरूनच जातात, म्हणजे तेच. अख्खा फोल्डर ओढला तर पाथ एकच येतो, पण मग न तपासलेली पानंही त्यात जाणार.

शिवाय पाथमध्ये स्पेस असली तरच एक्सप्लोरर अवतरणचिन्हं लावतो. स्पेस नाही पण ‘अँड’चं चिन्ह (&) आहे, अशा नावाशी सीएमडी ओळ तोडून टाकतं. देणगीत आलेल्या जुन्या स्कॅनमध्ये अशी नावं बरीच आहेत.

दोन मार्ग डोक्यात आहेत. पहिला, फाइली निवडून कंट्रोल-सी करायचं आणि पॉवरशेल ५.१ (विंडोजमधलीच दुसरी स्क्रिप्टची सोय) च्या गेट-क्लिपबोर्ड कमांडने फाइल-ड्रॉप-लिस्ट, म्हणजे कॉपी केलेल्या फाइलींची यादी वाचायची. दुसरा, पॉवरशेलमधूनच एक छोटी खिडकी उघडायची आणि फाइली तिच्यावर सोडायच्या. दोन्हींत कमांड लाइन मध्ये येतच नाही. मला दुसरा जास्त पटतो, कारण तपासणीला येणाऱ्या निवृत्त शिक्षिकांचा हात आता ओढून टाकण्यावर बसलाय आणि त्यांचं काम फार नेटकं आहे.

अशी खिडकी कुणी पाचशे-सहाशे फाइलींवर वापरली आहे का? चालणारा नमुना असेल तर कृपया द्या. विंडोज १० आहे, अ‍ॅडमिन पासवर्ड आमच्याकडे नाही, त्यामुळे नवीन काही इन्स्टॉल करता येणार नाही. फाइलींची नावं देवनागरीत आहेत, तेव्हा लॉग (ती नोंदींची टेक्स्ट फाइल) यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरी नीट राहील अशा एन्कोडिंगमध्ये कसा लिहायचा तेही सांगा.