कूलंट कमी होतंय, थेंब कुठेच दिसत नाही. इंजिनचं हेड (वरचा भाग) उघडू का?

वाशिष्ठीकाठ: नमस्कार मंडळी. गाडी २०१४ची डिझेल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किमी. गेला दीड महिना कूलंटची बाटली दर आठवड्याला बोटभर खाली जातेय. दर रविवारी सकाळी मार्करने खूण करतो, त्यामुळे भास नक्कीच नाही. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा अंथरून पाहिला, सकाळी कोरडा ठणठणीत. तापमानाचा काटा एरवी मध्यावर असतो. फक्त मागच्या शनिवारी चिपळूणहून कराडला जाताना, पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढायला लागलो, चार माणसं आणि एसी चालू, तेव्हा जरा वर सरकला. एसी बंद केल्यावर परत जागेवर.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बाहेर गळत नाही म्हणजे आत जातंय. हेड उतरवून फेसिंग करायला, म्हणजे घासून सपाट करायला लागेल, पस्तीस हजार धरून चला." पांढरा धूर नाही, डिपस्टिकवरचं ऑइल काळंच आहे, पाणी मिसळल्यासारखं दिसत नाही. बायको म्हणते विकून टाका. काय करू?

डिझेलदादा: पस्तीस हजार खिशातच राहू द्या. थेंब दिसत नाही म्हणजे हेड गॅस्केट (हेड आणि इंजिनमधलं सील) गेलं, हा कुठला न्याय? सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीचं झाकण उघडा, गाडी सुरू करा आणि बघत बसा. सुरुवातीला चार बुडबुडे येतात, ती अडकलेली हवा. पण भातासारखे सतत येत राहिले आणि रेस केल्यावर वाढले, तर काळजी. दुसरं, झाकण लावून थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरात रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) दगडासारखा कडक झाला, तर ज्वलनाचा गॅस पाण्यात शिरतोय. एवढ्या लवकर नुसत्या उष्णतेने दाब तयार होत नाही.

आणि गरम गाडीचं झाकण चुकूनही उघडू नका. १ बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल केलंत की ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. माझ्या मनगटावर अजून डाग आहे.

घाटमाथा: डिझेल आहे, ईजीआर कूलर (इंजिनात परत घेतला जाणारा धूर थंड करणारा भाग) विसरू नका. तो आतून फुटला तर कूलंट सायलेन्सरवाटे जातं आणि खाली टिपूस पडत नाही. पण हे शेवटी बघा. आधी स्वस्तातलं: डाव्या सीटसमोरचं मॅट उचलून हात लावा, चिकट ओल आहे का? काचेवर आतून तेलकट वाफ, गोडसर वास? असेल तर हीटरचा कोअर (केबिन गरम करणारी छोटी जाळी) गळतोय. एसीचं पाणी स्वच्छ असतं, चिकट नसतं.

जुना_ड्रायव्हर: आमच्या वेळी रेडिएटरमध्ये दोन चमचे हळद टाकायचो, भोक बुजायचं. ट्रक मुंबईपर्यंत आरामात जायचा.

डिझेलदादा: काका, तो रेडिएटर पितळेचा, नळ्या बोटाएवढ्या. आताच्या नळ्यांत हळद गेली तर भोकाआधी हीटर बुजेल. दुकानात मिळणाऱ्या लीक-स्टॉपचंही (गळती बुजवायचं औषध) तेच.

वाशिष्ठीकाठ: अपडेट. बुडबुडे नाहीत, मॅट कोरडं. काल दुसऱ्या गॅरेजमध्ये हातपंपाने प्रेशर टेस्ट केली, १ बारवर दहा मिनिटं काटा हलला नाही. आता तर मीच गोंधळलोय. खरंच आत जातंय का?

घाटमाथा: टेस्ट केली तेव्हा इंजिन गरम होतं का?

वाशिष्ठीकाठ: हो, चालवतच नेली होती.

घाटमाथा: मग टेस्ट अर्धीच झाली. काही गळती फक्त थंडपणी होते. गरम झाल्यावर रबर फुगतं, जोड आवळतो आणि गळती बंद. गाडी रात्री तिथेच ठेवा, सकाळी सुरू न करता पंप लावा आणि निदान अर्धा तास सोडा. झाकणावर छापलाय तेवढाच दाब द्या, जास्त नको. एअर फिल्टरचा डबा काढायला सांगा. थर्मोस्टॅटच्या (कूलंटची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) आसपास गिअरबॉक्सच्या डोक्यावर पांढरट किंवा गुलाबी खरपूड दिसते का बघा. तिथे पडलेला थेंब गरम धातूवर तिथेच सुकतो, जमिनीपर्यंत येतच नाही.

अजून एक, त्या भागातला एखादा पाइप कधी बदललाय का?

वाशिष्ठीकाठ: बदललाय! दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात उंदराने हीटरचा होज कुरतडला होता. आमच्याकडे गाड्यांत उंदीर म्हणजे घरचेच सदस्य.

वाशिष्ठीकाठ: सापडली!! सकाळी साडेआठला थंड इंजिनवर पंप लावला. वीस मिनिटांत काटा १.१ वरून ०.८ वर. फिल्टरचा डबा काढला, मोबाइलचा टॉर्च मारला, तर गिअरबॉक्सवर मिठागरासारखा गुलाबी-पांढरा थर. वर त्याच होजच्या टोकाला एक थेंब लोंबत होता. पडायला मिनिटभर लागला, आम्ही तिघं श्वास रोखून बघतोय. कंपनीची स्प्रिंगची क्लिप काढून तिथे पेचाची पट्टी लावलेली होती.

घाटमाथा: तेच. स्प्रिंगची क्लिप रबर आकसलं की मागोमाग आवळते. पेचाची पट्टी आहे तिथेच राहते, मग थंडपणी फट पडते. नुसती पट्टी आवळून आणू नका, होजचं टोक दबलं असेल तर होजही बदला. आणि बोअरचं पाणी घालू नका, क्षार बसतात. त्याच प्रकारचं कूलंट, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. सांडलेलं धुऊन टाका, गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

वाशिष्ठीकाठ: होज आणि स्प्रिंग क्लिप, मजुरीसकट साडेसातशे. तीन रविवार झाले, खूण जागेवर. काल परत कुंभार्ली चढलो, एसी चालू ठेवून, काटा हलला नाही.

डिझेलदादा: त्या पस्तीस हजारवाल्याला सांगितलं का?

वाशिष्ठीकाठ: नाही अजून. दोन वर्षांपूर्वी तो होज त्यानेच बदलला होता.