मदत हवी आहे : युगांडात नाकतोडे खाण्याबद्दल
नमस्कार मंडळी, नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं कंपालाला जातोय. तेव्हा तिथे न्सेनेनेचा, म्हणजे खायच्या नाकतोड्यांचा हंगाम असतो. तिथल्या मसाका शहराकडे रात्री प्रखर दिवे लावतात. झेपावणारे नाकतोडे उभ्या पत्र्यांवर आपटून खालच्या पिंपात पडतात. मग पंख-पाय काढून कांद्यासोबत परततात. मला ते मनापासून चाखायचेत.

प्रश्न नवऱ्याचा आहे. त्याला कोळंबीची ॲलर्जी आहे, आणि अशांना कीटकही बाधू शकतात. त्यामुळे तो खाणार नाही, हे नक्की. पण ओळखीच्यांच्या घरी प्रेमाने वाटी पुढे आली, तर त्यांचं मन न दुखावता नाही कसं म्हणायचं? आणि बाजारात ताजे न्सेनेने कसे ओळखायचे? तिकडे राहिलेल्या कुणी कृपया सांगा.