बसऱ्याला गेलेले पणजोबा: पदकावरून पलटण आणि नोंदी कशा शोधाव्यात?

मोरजी_काठ
नमस्कार मंडळी. मूळ घर पेडणे तालुक्यात. पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला (आजच्या इराकमध्ये) गेले ते परतले नाहीत, एवढेच घरात सांगतात. हाती एकच वस्तू आहे: तांबूस पदक, पुढे पंख असलेली बाई, कडेवर इंग्रजी अक्षरे. ‘११०’ आणि ‘महरट्टा’ वाचता येते. नावातले ‘बाबाजी’ कळते, आडनाव आणि नंबराचे पहिले आकडे झिजलेत, शेवटी ४१ आहे. थोरले काका मात्र छातीठोकपणे सांगतात की ते पोर्तुगीज सैन्यातून आफ्रिकेला गेले. लंडनहून ‘सर्व्हिस रेकॉर्ड’ आणून देतो म्हणणारा एजंट पाउंडात पैसे मागतो. द्यावेत का? आणि गोव्यात काही मिळेल का?

तेरेखोल_पार
आधी पदक. हे व्हिक्टरी मेडल, म्हणजे पहिल्या महायुद्धाचे विजयपदक. गोव्यात यावरून हमखास घोटाळा होतो, कारण पोर्तुगालनेही पंखवाल्या देवीचे विजयपदक काढले होते आणि इंद्रधनुषी फीतही तीच. मागची बाजू बघा. इंग्रजी मजकूर आणि १९१४-१९१९ अशी साले असतील तर पदक ब्रिटिश. कडेवर नंबर, हुद्दा, नाव, पलटण असल्यावर तर प्रश्नच उरत नाही.

पदक चिंच, राख, पितांबरी कशानेही घासू नका. अक्षरे कडेतच ठसवलेली असतात, दर घासणीला थोडी जातात. अंधाऱ्या खोलीत बॅटरी कडेला जवळजवळ समांतर धरा आणि पदक थोडे थोडे फिरवत फोटो काढा. समोरून पडलेल्या उजेडात झिजलेला आकडा दिसतच नाही. तरी जमले नाही तर पातळ कागद कडेवर ताणून मऊ पेन्सिल आडवी घासा. नंबर पूर्ण हवाच, पण तो पलटणीसकटच कामाचा. त्या काळी प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे होते, त्यामुळे एकच नंबर अनेकांचा निघतो.

याची जोडी म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल. ते लढणाऱ्या शिपायाला चांदीचे मिळे, म्हणून बऱ्याच घरांतून ते सोनाराकडे गेले. परतले नाहीत म्हणता, तर माळ्यावर किंवा देव्हाऱ्यामागे सुमारे १२ सेंटीमीटर व्यासाची काशाची जड तबकडीही शोधा. मृताच्या वारसाला ती देत. तिच्यावर फक्त नाव असते, हुद्दा नाही, पलटण नाही. पण आडनाव पूर्ण मिळेल.

दप्तरखाना
एजंटला एक पैसाही देऊ नका. लंडनमध्ये इंडिया ऑफिसची कागदपत्रे ब्रिटिश लायब्ररीत आहेत, पण त्यांत वैयक्तिक नोंदी मुख्यतः गोऱ्या अधिकाऱ्यांच्या. साध्या हिंदी शिपायाचे कागद पलटणीकडे राहात. लंडनमधल्याच केव इथल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय दप्तरात पदक मिळालेल्यांची कार्डे आहेत, त्यांत काही हिंदी शिपाई सापडतात, बहुतेक नाहीत. एजंट शेवटी पलटणीच्या वॉर डायरीची (युद्धातल्या रोजनिशीची) प्रत पाठवतो. ती वाचण्यासारखी असते, पण तिच्यात अधिकाऱ्यांची नावे आणि शिपायांचे नुसते आकडे: ‘इतके मेले, इतके जखमी’.

खरी जागा म्हणजे महायुद्धांतल्या मृतांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची वेबसाइट, फुकट आहे. नावाने शोधू नका, तिथेच लोक हरतात. परब, सावंत, गावस यांची स्पेलिंगे कारकुनाच्या कानावर गेलेली. रेजिमेंटच्या रकान्यात ११० वी मराठा लाइट इन्फंट्री (पदकावरचे ‘११०’ आणि ‘महरट्टा’ म्हणजे हीच), युद्ध पहिले, एवढेच भरा. यादी एक्सेलमध्ये उतरवा आणि शेवटी ४१ असलेले नंबर गाळून काढा. उरलेल्या नोंदींत ‘जादा माहिती’ बघा. भाग्य असेल तर वडलांचे नाव, गाव, संस्थान मिळते. तिथे गोवाच असेल असे धरू नका. सावंतवाडी किंवा रत्नागिरीही असू शकते.

आता तारीख. ११० वी पलटण कुतच्या वेढ्यात अडकली होती; इराकमधल्या या गावी तुर्कांनी ब्रिटिशांच्या हिंदी फौजेला कोंडले होते. वेढा ७ डिसेंबर १९१५ पासून, शरणागती २९ एप्रिल १९१६. त्याआधीचा मृत्यू म्हणजे लढाई, उपासमार किंवा आजार. नंतरचा असेल तर कैदेची शक्यता मोठी. हिंदी कैद्यांना चालवत नेऊन सीरियातल्या रास-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामावर लावले होते. अशा बहुतेकांची नोंद थडगे नसलेल्यांसाठीच्या बसरा स्मारकाखाली असते, तिथे थडगे शोधू नका. कमिशन ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचेच मृत्यू धरते. घरी परतून पुढे वारले असतील तर या यादीत सहसा सापडणार नाहीत.

घाट_उतार
वरचे सगळे मान्य, एक पुस्ती. पदकावरची पलटण हीच त्यांची शेवटची पलटण, असे समजू नका. कुतनंतर माणसे इकडून तिकडे भरली गेली. ११० मध्ये नंबर लागला नाही तर १०३ आणि ११७ या मराठा पलटणींच्याही याद्या उतरवा, त्याही कुतमध्ये होत्या.

पत्र कुठे पाठवायचे यात सगळे चुकतात. मराठा म्हटले की बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लिहायचे, ही आपली सवय. पण १९२२ च्या फेररचनेत ११० वी झाली ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची ३ री बटालियन, आणि तीच १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटची २ री बटालियन झाली. म्हणजे परंपरा आता पॅराकडे, त्यांचे सेंटर बेंगळुरूला. दोन्हीकडे लिहा. पत्र एक पान, इंग्रजीत: नंबर, हुद्दा, पदकावर आहे तसेच नाव, पलटणीचे जुने व नवे नाव, कडेचे फोटो. ‘सर्व माहिती द्या’ लिहिलेत तर उत्तर येणार नाही. ‘रोल ऑफ ऑनरमध्ये (मृतांच्या यादीत) हा नंबर आहे का?’ एवढेच विचारा.

पणजोबांच्या बायकोला पेन्शन मिळत होती का, हे घरात विचारा. मिळत असेल आणि पैसे सावंतवाडीहून येत असतील, तर लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा; त्याआधीची चौकशी रत्नागिरीत करायची.

नागझर
गोव्याच्या बाजूचे. नागरी नोंदणीचे जुने ग्रंथ तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आणि पणजीच्या पुराभिलेख खात्यात बघा. पणजोबांचा स्वतःचा जन्म बहुधा नोंदणीआधीचा. मुलांचे जन्म आणि लग्ने १९१४ नंतरच्या ग्रंथांत शोधा. तिथे बापाचे आणि आजोबाचे नाव मिळते. लिखाण पोर्तुगीज, म्हणून ‘श’ साठी एक्स आणि ‘क’ साठी सी किंवा क्यू. परबाचा पोरोबो झालेला असतो.

काकांना खोटे ठरवू नका. १८९५ मध्ये गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला, त्यांनी नकार देऊन बंड केले आणि सत्तरीचे राणे त्यांना मिळाले. आफ्रिकेची गोष्ट एक पिढी आधीच्या माणसाची असेल. त्या माणसासाठी पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जुने सरकारी ‘बोलेतीं’ (राजपत्रे) चाळा, आणि लिस्बनला सांता आपोलोनियाच्या लष्करी इतिहास दप्तराला पोर्तुगीजमध्ये लिहा. दोघांचे कागद एका फाइलीत घालू नका.

मोरजी_काठ
आभार. बॅटरीने नंबर चार आकडी असल्याचे दिसले, पहिला २ किंवा ३, दुसरा कळत नाही.

दप्तरखाना
मग २ आणि ३ ने सुरू होणारे, ४१ ने संपणारे सगळे काढा; जास्तीत जास्त वीस होतील. त्यांतले ‘बाबाजी’ वेगळे करा, बी नंतर ए किंवा यू, शेवट वाय, आय किंवा डबल ई. दोन उरले तर वडलांचे नाव नागझर म्हणतात त्या ग्रंथातल्या आजोबाशी ताडून बघा. ते जुळेपर्यंत बेंगळुरूला पत्र धाडू नका.