उत्तर: अमेरिकेत विद्यापीठाच्या अपार्टमेंटमधले नियम

रूममेट मध्येच सोडून गेला तर त्याचं भाडं कोण भरणार, असं एका विद्यार्थ्याने विचारलंय. ते करारावर अवलंबून आहे. विद्यापीठाच्या घरांमध्ये बऱ्याचदा प्रत्येकाचा करार वेगळा, आपापल्या खोलीपुरता किंवा बेडपुरता असतो. मग त्याच्या भाड्याशी तुमचा संबंध नाही. पण रिकाम्या जागी विद्यापीठ दुसऱ्या कुणाला पाठवू शकतं. कॅम्पसबाहेर मात्र बऱ्याचदा सगळ्यांच्या सह्या एकाच लीजवर (भाडेकरारावर) असतात, आणि तिथे सहसा घरमालक पूर्ण भाडं उरलेल्यांपैकी कुणाकडूनही मागू शकतो. सही करण्याआधी हे कलम नीट वाचाच.

फोडणीच्या धुराने अलार्म वाजू नये म्हणून स्मोक डिटेक्टरला (धूर ओळखणाऱ्या यंत्राला) पिशवी बांधायचा सल्ला काहीजण देतात, तो कृपया कुणी पाळू नका. नियम मोडल्याचा दंड होईल ते सोडा, पिशवी काढायचं विसरलात आणि रात्री आग लागली तर शेजारची लहान मुलंही धोक्यात येतात. फॅमिली हाउसिंगमध्ये, म्हणजे कुटुंबासह राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या घरांमध्ये, ती असतातच. तेल तापायच्या आधीच एग्झॉस्ट लावा, खिडकी उघडा, मोहरी तडतडली की झाकण ठेवा. तेलाने पेट घेतलाच तर पाणी अजिबात नको; गॅस बंद करून झाकण घाला.

डिपॉझिट परत मिळावं म्हणून घराचा ताबा घेतानाच भिंती, कार्पेट, ओव्हन यांचे फोटो काढून ऑफिसला ईमेल करा. आणि रेंटर्स इन्शुरन्स (भाडेकरूच्या सामानाचा विमा) घ्या, कारण पाइप फुटून लॅपटॉप भिजला तर सहसा विद्यापीठ भरपाई देत नाही.