तपासणीत ‘फाइंडिंग्ज’ मिळतात, त्यांना मराठीत काय म्हणावं?

दांडियाबाजार: मी बडोद्यात व्यायामोपचार केंद्रात काम करते. नव्या माणसाची चाल, सांधे, स्नायूंची ताकद बघून एक पानाची नोंद हातात देते. गुजरातीत ती तयार आहे, मराठी आजीआजोबांसाठी मराठीत हवीय. ‘फाइंडिंग्ज’ला काय लिहू? आणि ‘क्लायंट’ला? ‘रुग्ण’ म्हटलं की धडधाकट मंडळी चिडतात.

सलाटवाडेकर: कोशात ‘अशील’ सापडेल, पण तो वकिलाकडे जातो. आपल्या बडोद्यातल्या आखाड्याच्या प्रा. माणिकरावांकडे हाड बसवायला येणाऱ्यांना तरी कोण क्लायंट म्हणत होतं? नाव घालून सरळ ‘तुम्ही’ लिहा. आणि वर ‘तपासणी’च लिहा हो. इथे आपण गुजरातीच्या नादाने ‘डॉक्टरांनी तपास केला’ म्हणतो. पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं पोलीस येऊन गेले.

रेघोटी: ‘निष्कर्ष’ नको. समजा, कुणाचा हात वर नेताना १२० अंशांवर थांबला, तर हे नुसतं दिसलं. का थांबला ते सांगितलंत तर निष्कर्ष. ‘निदान’ डॉक्टरांसाठी ठेवा. ‘आढळ’ नेमका आहे, पण वाचला की पक्षिनिरीक्षणाची वही आठवते. क्रियापदच घ्या: ‘तपासणीत आढळलं’. त्याखाली वेगळ्या ओळीत ‘यावरून अंदाज’.

सलाटवाडेकर: पटलं. रेंज ऑफ मोशनला ‘हालचालीचा पल्ला’ छान बसतो.

वाडीवाला: माझी तक्रार आकड्यांबद्दल आहे. आमच्या काकांच्या कागदावर मांडीच्या स्नायूपुढे ‘३/५’ होतं. काका म्हणाले, साठ टक्के, फर्स्ट क्लास!

दांडियाबाजार: अरे देवा! ते गुण नव्हेत. ० म्हणजे स्नायू अजिबात आकुंचन पावत नाही. १ला नुसती थरथर जाणवते. २ला अवयव हलतो, पण त्याचं वजन पेलावं लागणार नाही अशा स्थितीत ठेवला तरच. ३ला स्वतःचं वजन पेलून पूर्ण हलतो, पण वरून थोडं दाबलं तरी टिकत नाही. ४ला मध्यम जोर सोसतो, ५ला पुरा. म्हणजे ३ला पाय उचलता येतो एवढंच. जिना चढायला तेवढं पुरेल असं नाही.

रेघोटी: मग ‘तिसरी पायरी’ लिहा. पायरीचे कुणी टक्के काढत नाही. छेदातला ५ही काढून टाका. आणि ‘अशक्तपणा’ टाळा, घरचे लगेच खजूर-दूध सुरू करतात. ‘या स्नायूची ताकद कमी’ पुरे.

दांडियाबाजार: मसुदा असा: ‘तपासणीत आढळलं: उजवा हात बाजूने वर नेताना १२० अंशांवर थांबतो, डावा १७० पर्यंत जातो. ताकद चौथी पायरी.’

वाडीवाला: दुखून थांबतो की अडकून?

रेघोटी: हो, आणि हात त्यांनी स्वतः नेला की तुम्ही उचललात? दोन्ही पल्ले वेगवेगळे लिहा. ‘थांबतो’ एवढ्यावरून पुढच्या माणसाला काहीच कळणार नाही.